शब्द, अर्थ आणि वाक्य : इंग्रजी शब्दसंग्रहाच्या पुस्तकांची चिकित्सा



इंग्रजी शब्दसंग्रह वाढवण्यासाठी तुम्ही जी पुस्तके वापरता, त्यांचा साचा बहुतेक वेळा एकच असतो. आधी शब्द, मग त्याचा अर्थ आणि शेवटी एक उदाहरणवाक्य. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत हाच साचा दिसतो, मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये तोच दिसतो, आणि वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात ‘आजचे शब्द’ म्हणून तोच लिहिलेला असतो. तुम्ही पुण्यात शिकत असा, इंदूरला असा, बडोद्याला किंवा हैदराबादला, हा साचा तुमच्या परिचयाचा आहे. या पाठात आपण त्याची चिकित्सा करणार आहोत. आपला प्रश्न साधा आहे. अर्थ पाठ झाला, वाक्य वाचून झाले, तरी तो शब्द आपल्या लिहिण्याबोलण्यात येत का नाही? आणि आलाच, तर चुकीच्या जागी का येतो?

मी भाषेचा नव्हे, अभियांत्रिकीचा शिक्षक आहे. पण दरवर्षी प्रकल्पांचे अहवाल तपासतो, मुलाखतींची तयारी करून घेतो. त्यामुळे यादीतले शब्द यादीबाहेर पडल्यावर त्यांचे काय होते, ते जवळून पाहायला मिळते. या पाठातली मते त्या अनुभवातून आलेली आहेत.

१. फळ्यावरचे दहा शब्द

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. काही वर्षे मी तास सुरू होण्यापूर्वी फळ्यावर रोज दहा इंग्रजी शब्द लिहीत असे. प्रत्येकासमोर अर्थ आणि एक छोटे वाक्य. मुले ते वहीत उतरवून घेत. महिन्याला दोनशेच्या वर शब्द झाले, याचे मला समाधान वाटे.

मग एका वर्षी शेवटच्या वर्षाच्या एका प्रकल्प अहवालात मला हे वाक्य सापडले : ‘धिस मशीन इज नोटोरियस फॉर इट्स अ‍ॅक्युरसी.’ म्हणजे, हे यंत्र अचूकतेसाठी कुप्रसिद्ध आहे! मी ते वाक्य वर्गात वाचून दाखवले. वर्ग हसला, मीही हसलो. तास संपल्यावर तो विद्यार्थी थांबला आणि त्याने वही उघडून माझ्यापुढे धरली. त्यात माझाच शब्द होता : ‘नोटोरियस – सर्वांना माहीत असलेला’. पुढे माझेच वाक्य होते : ‘ही इज अ नोटोरियस मॅन.’ त्या वाक्यात तो माणूस सर्वांना कशासाठी माहीत आहे, याचा पत्ताच नव्हता. विद्यार्थ्याने मी दिलेला अर्थ प्रामाणिकपणे वापरला होता. चूक माझी होती. दुसऱ्या दिवशी मी वर्गात तसे सांगितले.

पण नुकसान तोवर झाले होते. त्याच्या पुढच्या अहवालात प्रत्येक चांगल्या गोष्टीला ‘गुड’ आणि प्रत्येक वाईट गोष्टीला ‘बॅड’ होते. मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “सर, जे पक्के माहीत आहेत तेवढेच शब्द वापरतो.”

तुमच्यापैकी जे मराठी माध्यमातून आले आहेत, त्यांना हे वाक्य ओळखीचे वाटेल. यादीतला शब्द वापरावा तर हसे होते आणि न वापरावा तर ‘इंग्रजी कच्चे’ असा शिक्का बसतो. म्हणून शब्द कसा शिकावा हा प्रश्न गुणांपुरता नाही. शिकलेला शब्द तोंडातून काढण्याची हिंमत राहते की जाते, हा खरा प्रश्न आहे.

२. पहिली कसोटी : रिकामी जागा

उदाहरणवाक्य चांगले की वाईट हे कसे ठरवायचे? एक सोपी कसोटी अशी. वाक्यातला तो शब्द बोटाने झाका आणि उरलेले वाक्य वाचा. झाकलेल्या शब्दाचा अर्थ साधारण कोणत्या दिशेचा असेल, हे कळते का?

‘ही इज अ बेनेव्होलंट मॅन’ हे वाक्य घ्या. ‘बेनेव्होलंट’ झाकला की तिथे उंच, आळशी, श्रीमंत, लबाड असा कोणताही शब्द चालतो. याचा अर्थ, वाक्याने शब्दाबद्दल काहीही सांगितलेले नाही. ते फक्त तिसरा रकाना भरण्यासाठी लिहिलेले आहे. माझे ‘नोटोरियस मॅन’ असेच होते.

आता हे पाहा : ‘द बेंड अ‍ॅट द फूट ऑफ द घाट इज नोटोरियस फॉर अ‍ॅक्सिडेंट्स, ट्रक्स ओव्हरटर्न देअर एव्हरी मान्सून.’ घाटाच्या पायथ्याचे वळण, अपघात, दर पावसाळ्यात उलटणारे ट्रक. आता ‘नोटोरियस’ झाकला, तरी त्या जागी कौतुकाचा शब्द बसणार नाही हे कळते. शिवाय ‘फॉर’ च्या पुढे काय यायचे तेही कळते. हे वाक्य मी फळ्यावर लिहिले असते, तर त्या विद्यार्थ्याचे यंत्र बदनाम झाले नसते.

तुमच्याकडचे कोणतेही शब्दसंग्रहाचे पुस्तक घ्या आणि सलग वीस वाक्ये या कसोटीवर तपासा. बरीच वाक्ये नापास झाली, तर त्या पुस्तकातला अर्थाचा रकाना वापरा आणि वाक्यासाठी दुसरीकडे जा.

३. दुसरी कसोटी : शब्दाची संगत

आपण मराठीत म्हणतो : गाढ झोप, दाट धुके, घट्ट मैत्री, मुसळधार पाऊस. ‘दाट झोप’ किंवा ‘गाढ धुके’ असे कोणी म्हणत नाही. हे आपल्याला कोणत्या नियमाने शिकवले? कोणत्याच नाही. ते शब्द एकमेकांच्या सोबत हजारदा कानावर पडले आणि जोडी पक्की झाली. यालाच शब्दाची संगत म्हणू. इंग्रजीत भाषाशास्त्रज्ञ तिला ‘कोलोकेशन’ म्हणतात.

आता ‘कडक’ हा आपला शब्द घ्या. कडक चहा, कडक शिस्त, कडक ऊन, कडक नोट. मराठीत एका शब्दात काम होते. इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’, शिस्त ‘स्ट्रिक्ट’, ऊन ‘स्कॉर्चिंग’ आणि नवी कोरी नोट ‘क्रिस्प’ होते. ‘कडक’ या शब्दापुढे यातला एकच अर्थ लिहून तो पाठ केला, तर बाकी तीन ठिकाणी चूक ठरलेली. याउलट इंग्रजीतला ‘स्ट्राँग’ शिकताना त्यापुढे फक्त ‘बलवान’ लिहिले, तर ‘स्ट्राँग टी’, ‘स्ट्राँग स्मेल’ आणि ‘स्ट्राँग अ‍ॅक्सेंट’ वाचताना गोंधळ होणार.

संगतीला आणखी एक बाजू आहे. काही शब्द दिसायला निर्विकार असतात, पण त्यांची बैठक ठरावीक मंडळींत असते. ‘कॉज’ या क्रियापदाचा अर्थ ‘घडवून आणणे’. यादीत एवढेच असते. पण इंग्रजीतली प्रत्यक्ष लिहिलेली लाखो वाक्ये संगणकावर गोळा करून तपासली, तेव्हा दिसले की ‘कॉज’ च्या पुढे बहुधा नकोशा गोष्टी येतात : नुकसान, उशीर, अडचण, आजार, मृत्यू. म्हणून ‘द न्यू कूलंट कॉजेस अ बेटर फिनिश’ हे अहवालातले वाक्य व्याकरणात बसते, पण वाचणाऱ्याला खटकते. तिथे साधे ‘गिव्ज अ बेटर फिनिश’ हवे.

ही संगत नीट दाखवण्याचा मोठा प्रयत्न 1987 साली झाला. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली आणि कॉलिन्स या प्रकाशनसंस्थेच्या सहकार्याने ‘कोबिल्ड’ हा शब्दकोश तयार झाला. त्यात दोन गोष्टी वेगळ्या होत्या. उदाहरणे संपादकांनी मनाने रचलेली नसून छापील व बोली इंग्रजीच्या संगणकीय संग्रहातून घेतलेली होती. आणि अर्थ एका शब्दात न देता पूर्ण वाक्यात दिलेला होता. त्या पद्धतीने ‘नोटोरियस’ चा अर्थ मराठीत सांगायचा तर मी असा सांगेन : ‘एखादी व्यक्ती, जागा किंवा वस्तू नोटोरियस असेल, तर ती कोणत्या तरी वाईट गोष्टीसाठी सर्वांना माहीत असते.’ यात अर्थही आला आणि संगतही.

या पद्धतीचा दोषही सांगितला पाहिजे. प्रत्यक्ष वापरातले वाक्य संदर्भातून उचललेले असते. त्यात दुसरे दोन अवघड शब्द असू शकतात, आणि मग एका शब्दासाठी तीन शब्द शोधावे लागतात. नवशिक्याला कधी कधी विचारपूर्वक रचलेले सोपे वाक्यच जास्त उपयोगी पडते. माझे घाटाचे वाक्यही रचलेलेच आहे. तेव्हा रचलेले वाक्य हा दोष नाही. कसलीच माहिती न देणारे वाक्य हा दोष आहे.

४. तिसरी कसोटी : शब्दाची बांधणी

अर्थ बरोबर, संगत बरोबर, तरी वाक्य चुकते, असेही होते. ‘सजेस्ट’ म्हणजे सुचवणे. मराठीत ‘मी तुम्हाला हे पुस्तक वाचायला सुचवतो’ असे म्हणता येते, म्हणून आपण सहज म्हणतो ‘आय सजेस्ट यू टू रीड धिस बुक’. इंग्रजीत ही बांधणी चालत नाही. तिथे ‘आय सजेस्ट दॅट यू रीड धिस बुक’ असे म्हणावे लागते. ‘मला समजावून सांगा’ वरून ‘एक्सप्लेन मी’ येते, हवे असते ‘एक्सप्लेन इट टू मी’. ‘या विषयी चर्चा करू’ वरून ‘डिस्कस अबाउट’ येते, हवे असते नुसते ‘डिस्कस’.

या तिन्ही चुका करणाऱ्याला अर्थ पूर्ण माहीत असतो. यादीतले ‘ही सजेस्टेड अ प्लॅन’ हे वाक्यही बरोबरच असते. पण जिथे आपण अडखळतो ती बांधणी त्या वाक्यात येतच नाही.

ही अडचण फक्त आपली नाही. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत होते. आपल्या विद्यार्थ्यांना क्रियापदाचा अर्थ कळतो पण त्यापुढे वाक्य कसे चालवायचे ते कळत नाही, ही गरज ओळखून त्यांनी दोन सहकाऱ्यांसह एक शब्दकोश केला. तो 1942 साली टोकियोत छापला गेला. प्रत्येक क्रियापद कोणत्या बांधणीत चालते, हे त्यात खुणांनी आणि उदाहरणांनी दाखवलेले होते. 1948 साली तो ऑक्सफर्डने प्रकाशित केला, आणि आज आपण ज्याला ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ म्हणून ओळखतो तो त्याचाच पुढचा अवतार आहे. परभाषकांच्या चुका समोर ठेवून केलेले पुस्तक आणि शब्दांची संख्या समोर ठेवून केलेले पुस्तक, यांतला फरक इथे दिसतो.

५. एक गाजलेले पुस्तक

आता एका ठोस पुस्तकाकडे वळू. नॉर्मन लुईस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ते 1949 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि भारतात आजही परीक्षार्थींच्या हातात असते.

त्याचे गुण आधी सांगतो. ते यादी नाही. शब्द विषयवार येतात : स्वभावाचे प्रकार, डॉक्टर, शास्त्रे, खोटे बोलणारे लोक. लॅटिन आणि ग्रीक मूळ धातूंवरून शब्दांची कुटुंबे उभी राहतात. ‘व्हर्टो’ म्हणजे वळणे, हे एकदा कळले की ‘इंट्रोव्हर्ट’ म्हणजे आत वळलेला आणि ‘एक्स्ट्रोव्हर्ट’ म्हणजे बाहेर वळलेला, हे लक्षात ठेवावे लागत नाही. तोच शब्द वेगवेगळ्या प्रश्नांतून पुन्हा पुन्हा समोर येतो. उच्चार दिलेले आहेत आणि शब्द मोठ्याने म्हणायला सांगितले आहे. शिकवण्याची ही रीत चांगली आहे, आणि माझ्या फळ्यावरच्या दहा शब्दांपेक्षा कितीतरी सरस आहे.

मग अडचण कुठे आहे? दोन ठिकाणी.

पहिली, मूळ धातू शब्दाचा इतिहास सांगतो, आजचा वापर सांगतोच असे नाही. ‘मॅन्युफॅक्चर’ चे मूळ ‘हाताने करणे’ असे आहे. आज आपण तो शब्द यंत्राने होणाऱ्या उत्पादनासाठी वापरतो. मराठीतही ‘तेल’ हा शब्द तिळावरून आला, तरी आपण शेंगदाण्याचे तेल म्हणतोच. मूळ हे आठवणीसाठी आधार आहे, वापरासाठी पुरावा नाही.

दुसरी अडचण मोठी आहे. हे पुस्तक मुख्यतः इंग्रजी हीच रोजची भाषा असलेल्या प्रौढ वाचकासाठी लिहिलेले आहे. त्याला ‘सजेस्ट’, ‘कॉज’, ‘स्ट्राँग टी’ शिकवायची गरज नाही. ते त्याच्या कानात लहानपणापासून आहेत. त्याला ‘मिसॅन्थ्रोप’, म्हणजे माणूसघाणा, असे वरच्या मजल्यावरचे शब्द हवे आहेत. आपल्यापैकी बऱ्याच जणांचा तळमजला अजून बांधायचा आहे, आणि आपण वरच्या मजल्याचे सामान खरेदी करतो आहोत. हा पुस्तकाचा दोष नाही. पुस्तक कोणासाठी आहे हे न पाहता ते सर्वांच्या हातात देणाऱ्या आम्हा शिक्षकांचा आहे.

६. कोणते शब्द आधी?

तळमजल्याचा विचार करणाऱ्या मायकेल वेस्ट यांचा आपल्या उपखंडाशी थेट संबंध आहे. ते ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करत होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावे, यासाठी मोजक्या शब्दांत लिहिलेली वाचनमाला त्यांनी तयार केली. 1953 साली त्यांनी सुमारे 2000 शब्दांची ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’ प्रसिद्ध केली. हीसुद्धा यादीच, पण तिची खुबी अशी की एका शब्दाचे अनेक अर्थ असतील तर त्यांतला कोणता अर्थ किती वेळा येतो, तेही तिथे नोंदलेले होते. सर्वसाधारण इंग्रजी मजकुराचा सुमारे 80 टक्के भाग अशा दोन हजार शब्दकुटुंबांनी व्यापलेला असतो. पुढे 2000 साली अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्यापीठीय लेखनात वारंवार येणारी 570 शब्दकुटुंबे वेगळी काढली. ‘अ‍ॅनलाइझ’, ‘फॅक्टर’, ‘सिग्निफिकंट’ असे हे शब्द आहेत. ते अशा लेखनाचा आणखी सुमारे 10 टक्के भाग व्यापतात.

उरलेल्या भागात तुमच्या विषयाचे शब्द येतात आणि तिथे सामान्य यादी दिशाभूल करू शकते. ‘टॉलरन्स’ पुढे यादीत ‘सहनशीलता’ असते. कार्यशाळेत मात्र 25 मिमी व्यासाच्या दांड्यासाठी अधिक-उणे 0.02 मिमी दिले, तर 24.98 ते 25.02 मिमीपर्यंतचा दांडा स्वीकारला जातो. मापातली ही मान्य तफावत म्हणजे टॉलरन्स. ‘फटीग’ म्हणजे यादीत थकवा. धातूच्या बाबतीत मात्र वारंवार येणाऱ्या भाराने हळूहळू तडा जाणे. ‘स्ट्रेस’ आणि ‘स्ट्रेन’ या दोन्हींना बोलताना आपण ताणच म्हणतो. पण पहिले म्हणजे क्षेत्रफळाच्या एककावरचे बल आणि दुसरे म्हणजे लांबीतला बदल भागिले मूळ लांबी, ज्याला एककच नसते. हे शब्द तुम्हाला तुमच्या पाठ्यपुस्तकातून, त्यातल्याच वाक्यांसह उचलावे लागतील.

७. यादीची बाजू

एवढी टीका केल्यावर यादीची बाजू मांडणेही आवश्यक आहे. ज्या परीक्षेत समानार्थी किंवा विरुद्धार्थी शब्द ओळखायचा असतो, तिथे यादी कामाला येते. वेळ कमी असताना शब्दाची पहिली ओळख करून घ्यायला ती सोयीची आहे. आणि मराठीत अर्थ लिहून घेणे यात कमीपणा काहीच नाही. ‘कुप्रसिद्ध’ हा एक मराठी शब्द मी त्या दिवशी लिहिला असता, तर पुढचे सारे टळले असते. मातृभाषेतला नेमका अर्थ हा इंग्रजीतल्या मोघम अर्थापेक्षा कधीही चांगला. माझे म्हणणे एवढेच की ओळख झाली म्हणजे शब्द आपला झाला, असे समजू नका.

८. मग वही कशी असावी?

हल्ली मी फळ्यावर दहा शब्द लिहीत नाही. आठवड्याला पाच शब्द घेतो, तेही विद्यार्थ्यांनी आपल्या वाचनातून आणलेले. प्रत्येक शब्दासाठी वहीत चार ओळी :

पहिली ओळ – शब्द जिथे भेटला ते मूळ वाक्य, जसेच्या तसे.
दुसरी ओळ – त्या वाक्यातला अर्थ, नेमक्या मराठीत.
तिसरी ओळ – शब्दाची संगत आणि बांधणी : त्याच्या आगेमागे काय येते. यासाठी चांगला लर्नर्स शब्दकोश पाहावा.
चौथी ओळ – स्वतःच्या कामातले एक खरे वाक्य : प्रयोगशाळा, वसतिगृह, गाव, घर यांतले.

चौथी ओळ सगळ्यांत अवघड जाते आणि तीच सगळ्यांत उपयोगी आहे. ती ओळ मी वर्गात वाचून घेतो. चुकली तर सगळे मिळून दुरुस्त करतो. चुकलेल्या वाक्याला हसायचे नाही, हा त्या तासाचा नियम आहे. तो आधी मलाच पाळावा लागतो.

स्वाध्याय

१. तुमच्याकडच्या शब्दसंग्रहाच्या पुस्तकातील कोणतीही सलग वीस उदाहरणवाक्ये रिकाम्या जागेच्या कसोटीवर तपासा. नापास झालेल्या तीन वाक्यांऐवजी स्वतः वाक्ये लिहा.
२. ‘मोठा’ हा मराठी शब्द पाऊस, आवाज, चूक, भाऊ आणि रक्कम यांच्यासोबत वापरा. प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत कोणता शब्द येईल ते शब्दकोशात पाहून लिहा.
३. तुमच्या विषयातील असे तीन इंग्रजी शब्द शोधा, ज्यांचा रोजच्या वापरातला अर्थ आणि विषयातला अर्थ वेगळा आहे. दोन्ही अर्थांसाठी एकेक वाक्य लिहा.
४. जो इंग्रजी शब्द तुम्हाला माहीत आहे, पण चुकेल या भीतीने तुम्ही वापरत नाही, असा एक शब्द घ्या. त्याच्या चार ओळी लिहा आणि या आठवड्यात तो एकदा तरी बोलण्यात वापरा.